विलायती गाडीची बारी

ज्या माणसाला सायकलीपलीकडचं कुठलंही वाहन चालवता येत नाही, त्याने शर्यतीची मोटार तयार करायला घेऊ नये, असं वारूळवाडीत रामनाथ गुरुजींना किमान अकरा जणांनी सांगितलं. बारावे सांगणारे गुरुजी स्वतःच होते. पण त्यांनी पस्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेलं, आणि गणिताच्या माणसाची एक खोड असते. त्याच्यासमोर कुणी प्रश्नचिन्ह ठेवून गेलं, की उत्तर काढेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नाही.

हे प्रश्नचिन्ह एका कागदावर होतं. पुण्याला नोकरी करणारी त्यांची मुलगी प्राची दिवाळीला घरी आली, तेव्हा आईसाठी आणलेल्या काचेच्या बरणीभोवती तिने एक छापील पत्रक गुंडाळलं होतं. पुण्यातल्या कुठल्याशा मोटार क्लबची 'ऑटोक्रॉस' नावाची स्पर्धा, येत्या फेब्रुवारीत, म्हणजे सन २००१ साली. मोकळ्या मैदानात खुणा मांडायच्या, एकेका गाडीने त्यांच्यामधून वळणं घेत धावायचं, ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला. त्यात 'महिला गट' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती आणि समासात प्राचीच्या अक्षरात एकच शब्द होता: 'गाडी?'

प्राची पुण्याला गेली, बरणी फडताळात गेली आणि पत्रक गुरुजींच्या हातात राहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत गणितात गटांगळ्या खाणारी मुलं शेवटचा उपाय म्हणून रामनाथ गुरुजींकडे धाडली जात. 'क्ष' म्हणजे काय हे एका मुलाला समजावण्यासाठी त्यांनी ओळीने तीन रविवार घालवले होते. तिसऱ्या रविवारी तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, क्ष म्हंजे आपल्याला अजून ठावं न्हाई ते," तेव्हा गुरुजींना चष्मा पुसावा लागला होता. आणि याच गुरुजींची मुलगी आठवीपासून गणितासाठी नारायणगावात दुसऱ्या मास्तरांच्या शिकवणीला जात होती! कारण घरी तिने अपूर्णांकांची बेरीज मांडायला घेतली, की दुसऱ्या मिनिटाला गुरुजी म्हणत, "अगं, असं नाही." चौथ्या मिनिटाला पेन्सिल त्यांच्या हातात असे आणि सहाव्या मिनिटाला उत्तर काढून तेच खूश होत. गणित सुटे, मुलगी उठून जाई. पुढे ती मोटार शिकली तीही पुण्यात, परक्या माणसाकडून. घरी कळलं ते परवाना हातात आल्यावर.

लोकांच्या मुलांना वाटलेला धीर आपल्या मुलीच्या वाटणीला आला नाही, ही गोष्ट गुरुजींना निवृत्तीनंतर फार टोचू लागली होती. ती आता तेवीस वर्षांची. अपूर्णांक तिला आता शिकवता येणार नव्हते. पण तिला हवी असलेली एक वस्तू आपल्या अंगणात उभी राहिली, तर ती निदान एखादा रविवार आपल्याकडे काहीतरी घ्यायला येईल, असा त्यांचा हिशेब होता. अर्थात हे ते कुणाला बोलले नाहीत. ते नारायणगावात गोरखच्या गॅरेजवर गेले आणि फक्त म्हणाले, "गोरख, शर्यतीची एखादी गाडी मिळेल का रे?"

गोरख हा 'क्ष'वाल्यांपैकीच एक जुना विद्यार्थी. त्याने हातातला पाना खाली ठेवला. "गुरुजी, सायकलीला काय झालं?"

सगळं ऐकल्यावर मात्र त्याचे डोळे चमकले. डिंभ्याला धरणाचं काम चालू असताना तिथला एक साहेब मुंबईहून दोन माणसांची विलायती गाडी घेऊन येत असे. बसकी, लाल, दोनच दारं आणि वर टप नाही. एके दिवशी ती बंद पडली. "दुरुस्त करायला माणूस आणतो," असं सांगून साहेब गेला, तो वीस वर्षं आला नव्हता. गाडी तिथल्याच लंकाबाईच्या छपरात उभी होती.

लंकाबाई मोठ्या मनाची. "न्या की, गुरुजी. माजं काय जातंय? पर आत्ता न्हाई."

"का?"

"आत बघा."

गुरुजींनी वाकून पाहिलं. चालकाच्या जागेवर एक तांबडी कोंबडी अंग फुगवून बसली होती आणि त्यांच्याकडे, परीक्षेला उशिरा आलेल्या मुलाकडे पर्यवेक्षक पाहतो, तशी पाहत होती.

"खुडूक हाय," लंकाबाई म्हणाली. "कालच बसवलीया. चौदा अंडी हायेत. एकवीस दिस तिला उठवायची न्हाई."

"मावशी, दुसरीकडं उचलून ठिवू," गोरख म्हणाला.

"तुला बाळतपणात कुनी उचलून दुसरीकडं ठिवलं तर?"

गुरुजी थांबले. डिंभ्याची एसटी यायची तेव्हा यायची आणि नाही यायची तेव्हा घोडेगावपर्यंत चालायला लावायची. तरी दर चार दिवसांनी ते जाऊन कोंबडीची चौकशी करून येत. मधल्या काळात त्यांनी साहेबाच्या घरचा पत्ता मिळवून पत्र घातलं. साहेब वारले होते. त्यांच्या पत्नीने गाडीची कागदपत्रं सही करून पाठवली आणि सोबत दोन ओळी लिहिल्या: 'ही गाडी मला त्यांनी कधी चालवू दिली नाही. तुमची मुलगी चालवणार असेल तर आनंदाने घ्या.' गुरुजींनी ते पत्र दोनदा वाचलं आणि कुणाला न दाखवता पंचांगात ठेवून दिलं.

एकविसाव्या दिवशी चौदांपैकी अकरा पिल्लं निघाली. गुरुजींनी ही बातमी घरी इतक्या आनंदाने सांगितली, की त्यांच्या पत्नी साधनाबाई पोळी लाटता लाटता थांबल्या. "कोंबडीला दाखवलात एवढा धीर," त्या म्हणाल्या, "यातला वाटीभर आपल्या प्राचीच्या अपूर्णांकांना दाखवला असतात तर..." वाक्य पुरं करायची त्यांना गरज वाटली नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात अर्धी वाक्यंच जास्त लागतात.

गाडी टेम्पोने वारूळवाडीत आली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. पैकी सर्वांत मोठे सल्लागार म्हणजे शेजारचे गेणभाऊ. गेणभाऊंचा बैलगाडा तीन वर्षांपूर्वी जत्रेत पहिला आला होता आणि तेव्हापासून धावणाऱ्या कुठल्याही वस्तूविषयी अंतिम मत त्यांचं असे. बैलगाड्याची शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे गाडे एकमेकांशेजारी धावत नाहीत. चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात. त्यावर एकेक गाडा एकटा सुटतो, निशाणापर्यंतचे सेकंद मोजतात आणि त्या एका धावेला बारी म्हणतात. गुरुजींनी ऑटोक्रॉसचं पत्रक वाचून दाखवलं, तेव्हा गेणभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले, "आवं, ही तर आपलीच बारी! हितं बैलं, तितं इंजान. एवढाच फरक."

दुर्दैवाने गुरुजींनाही तसंच वाटलं.

गोरखने इंजिन उतरवलं. त्यात उंदराचं घर, जोंधळ्याची कणसं आणि एक लहान मुलाचा बूट निघाला. कार्बुरेटर मोटारीचा न मिळाल्याने दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा बसवावा लागला आणि गाडी सुरू झाली की शेतात औषध फवारल्यासारखा आवाज येऊ लागला. उघड्या गाडीला डोक्यामागे लोखंडी कमान हवी असा नियम होता. गोरखने विहिरीवरचा जुना पाइप वाकवून ती केली. येणारे-जाणारे थांबून विचारत, "गुरुजी, झोपाळा बांधताय जनू?" गुरुजी आधी प्रत्येकाला नियम समजावून सांगत. नंतर नंतर नुसतं "हो" म्हणू लागले.

मग गाडी नावावर करण्यासाठी कचेरी. कारकून भला माणूस होता, पण अर्जात 'टपाचा प्रकार' असा रकाना होता.

"टप नाही," गुरुजी म्हणाले.

"प्रकार सांगा. पक्का की कापडी?"

"टपच नाही. तिथे शून्य लिहा."

"शून्य हा प्रकार नाही, गुरुजी."

"शून्य हीसुद्धा संख्या आहे!" गुरुजींच्या आवाजात पस्तीस वर्षं गोळा झाली.

"असेल तुमच्या शाळेत," कारकून शांतपणे म्हणाला. "आमच्याकडे टपच आहे. टप लावून आणा."

गुरुजी परत आले. गावात कापडी काम करणारा एकच, मांडववाला धर्माजी. त्याने दोन दिवसांत टप शिवून दिला. पण त्याच्याकडे कापड होतं ते लग्नाच्या मांडवाचं. लाल-पिवळे पट्टे आणि चारी बाजूंनी झालर. गाडी पुन्हा कचेरीत गेली तेव्हा कारकुनाने खिडकीतून पाहिलं, 'कापडी' असं लिहिलं आणि शिक्का मारला. येताना नारायणगावच्या चौकात एका अनोळखी गृहस्थाने थांबवून विचारलं, "वरातीला किती घेता?" आयुष्यभर ज्यांना पाहून लोक सायकलीवरून उतरले, त्या गुरुजींनी मान फिरवली आणि गोरखला म्हणाले, "जरा वेगाने घे." गाडीने तेवढ्यात मान टाकली. शेवटी त्याच गृहस्थाने ढकलत हमरस्त्यापर्यंत आणून दिलं.

चाचणीसाठी मोकळं रान हवं म्हणून गेणभाऊंनी खोडदच्या बाजूची आपल्या पाहुण्यांची पडीक जमीन सुचवली. तिकडे तारे ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अजस्र तबकड्या उभ्या आहेत. गाडीने दोन फेऱ्या मारल्या असतील नसतील, तोच सायकलवरून एक तरुण संशोधक आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "माफ करा, ही गाडी बंद करता का? तिच्या इंजिनातल्या ठिणग्या आम्हाला ऐकू येतात. आम्ही फार लांबचा एक तारा ऐकत होतो."

गुरुजी ओशाळले. शास्त्राच्या कामात विघ्न आणलं म्हणून त्यांनी तीनदा क्षमा मागितली. गेणभाऊ मात्र घरी येईपर्यंत छाती काढून बसले होते. "अजून शर्यत न्हाई का काय न्हाई," ते भेटेल त्याला सांगत सुटले, "आन् गाडीचा आवाज पार ताऱ्यापत्तुर ग्येला!"

राहता राहिले नियम. क्लबने पाठवलेली नियमांची पुस्तिका इंग्रजीत होती. गुरुजींनी शब्दकोश घेऊन ती वाचून काढली आणि एका संध्याकाळी ओट्यावर गोरख आणि गेणभाऊंना समजावायला बसले. मैदानात ज्या रबरी टोप्या ठेवतात त्यांना कोन म्हणतात.

"कोन पाडला, की पाच सेकंद वाढतात," गुरुजी म्हणाले.

"कोन पाडला?" गेणभाऊंनी विचारलं.

"कोणताही."

"आवं, पर पाडला कोन?"

"पाडला कोन, की पाच सेकंद."

"त्येच इचारतोय, गुरुजी. कोन पाडला ते कळल्याबिगर पाच सेकंद कुनाचं वाढवायचं?"

गोरख तोंडात रुमाल कोंबून उठून गेला. गुरुजींनी पाटी मागवली, रबरी टोपीचं चित्र काढलं, खाली 'कोन' असं लिहिलं आणि अर्ध्या तासाने गेणभाऊंना पटलं. आयुष्यभर कोन काढायला शिकवलं, आता न पाडायला शिकवतोय, असं गुरुजी स्वतःशीच म्हणाले.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी प्राची आली. अंगणात लाल गाडी, तिला झालरीचा टप, टपाखाली पाइपची कमान. ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून पाहत राहिली.

"ही कुणाची?"

"तुझी," गुरुजी म्हणाले. मग घाबरून, "म्हणजे, स्पर्धेपुरती. तुला हवी असली तर. पत्रकावर तू लिहिलं होतंस."

प्राची गाडीभोवती एक फेरी मारून आली. दार उघडायला गेली. बाहेरची मूठ हातात आली. ती हसली नाही, पण ओठ घट्ट मिटले तिने. मूठ त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, मी चालवीन. पण एक अट. मी चालवत असताना तुम्ही बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही."

"नाही बोलणार."

"'अगं, असं नाही' हेसुद्धा नाही."

"नाही," गुरुजी म्हणाले, आणि साधनाबाई आत गेल्या त्या लवंगांची डबी घेऊनच बाहेर आल्या. "दाढेत धरा," त्या म्हणाल्या. "तोंड बंद राहील."

सरावासाठी गावाचा बैलगाड्याचा घाट होता. रबरी कोन नव्हते, म्हणून गेणभाऊंच्या बायकोची, झुंबरबाईंची, टोमॅटोची रिकामी क्रेटं पुस्तिकेतल्या नकाशाप्रमाणे मांडली. पहिल्या रविवारी सात क्रेटं फुटली. झुंबरबाई घाटाच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "चालवू द्या पोरीला," त्या म्हणाल्या. "टमाट्याचा बाजार पडल्यावं ह्यांनी लाथा घालून याच्यापरीस जास्त फोडल्यात."

आणि गुरुजी? गुरुजी दगडावर बसून लवंगा चघळत होते. तिसऱ्या वळणाला प्राची दर वेळी उशिरा वळत होती. कुठे वळायला हवं हे त्यांना लख्ख दिसत होतं. ते कोनाच्या मापासह सांगू शकले असते. जीभ वळवळे, ते नवी लवंग टाकत आणि वहीत लिहीत. दुसऱ्या रविवारअखेर वहीत त्रेचाळीस मुद्दे झाले होते आणि जीभ इतकी बधिर झाली होती, की रात्री आमटीत मीठ आहे की नाही हे त्यांना साधनाबाईंना विचारावं लागलं. पण ते बोलले नाहीत. बोलणारे दुसरे होते. "पोरी, ध्यानात ठिव," गेणभाऊ प्रत्येक बारीनंतर सांगत. "निशाण दिसलं, की दाबायचं. थांबायचा इचारबी मनात आनायचा न्हाई. गाडा निशाणाच्या पुढं मोकळ्या रानात जाऊन आपसूक दमतो." प्राची मान डोलवी. निशाण आलं, की ती दाबायची आणि घाटाच्या पुढच्या रानात जाऊन लांबलचक वळण घेऊन परत यायची. गुरुजींनाही ते बरोबरच वाटे. लहानपणापासून त्यांनी दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी गाडी बैल न्यायच्या टेम्पोतून पुण्याबाहेरच्या मैदानावर उतरली. खाली कडबा अंथरलेला होता, तो चाकांना चिकटून आला. इतर गाड्या चकचकीत. त्यांच्या दारांवर जाहिराती. गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याने झालरीला हात लावला.

"हे काय आहे?"

"टप," गुरुजी म्हणाले. "सरकारी नोंद आहे."

"काढा."

टप काढला. मग अधिकारी खाली वाकला. गेणभाऊंनी कुणाला न सांगता पुढच्या बाजूला आतून बैलाची घुंगुरमाळ बांधली होती. सुटी वस्तू चालत नाही, ती काढल्याशिवाय सही नाही, असं ठरलं. गाठ गेणभाऊंनी मारलेली, त्यामुळे ती सुटेना. गोरख आणि प्राची गाडीखाली उताणे पडून माळेशी झगडत राहिले. तेवढ्यात स्पर्धकांना सूचना द्यायला सगळ्यांना तंबूत बोलावलं. प्राचीला जाता येईना, म्हणून गुरुजी वही घेऊन गेले.

सूचनांत एक गोष्ट नवी होती. पुस्तिकेत ती नव्हती. निशाणाच्या पुढे पंधरा पावलांवर चुन्याची चौकट आखलेली आहे. गाडी त्या चौकटीत पूर्ण थांबली पाहिजे. न थांबली तर ती फेरी बाद. प्रत्येकाला दोन फेऱ्या.

चव्वेचाळिसावा मुद्दा. गुरुजींनी तो लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि जमेल तितक्या वेगाने निघाले. त्यांना धावताना पाहिल्याचं वारूळवाडीत कुणाला आठवत नाही. प्राचीचा नंबर लागला होता. ती हेल्मेट घालून, पट्टा बांधून, निशाणवाल्या माणसाकडे पाहत बसली होती. गुरुजी दाराशी पोचले. तोंड उघडलं.

"प्राची, हे बघ..."

"बाबा." तिने मान न वळवता हात वर केला. "आत्ता नको. प्लीज."

त्या हाताकडे गुरुजींनी पाहिलं. अपूर्णांकांच्या वहीवरचा तो हात त्यांनी किती वेळा बाजूला सारला होता, याचा हिशेब त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी तोंड मिटलं आणि ते मागे सरले. निशाण पडलं.

प्राची सुटली ती अशी, की त्या दिवसाची सर्वांत देखणी बारी तीच, असं चहावालाही म्हणाला. पहिलं वळण, दुसरं, सापासारखी नागमोडी ओळ. शेतात औषध फवारल्याचा आवाज मैदानभर घुमत होता आणि एकही कोन हलला नव्हता. तिसऱ्या वळणाला थोडा उशीर झाला, पण तिने सावरलं. निशाण आलं. प्राचीने दाबलं.

गाडी चुन्याच्या चौकटीतून बाणासारखी गेली. पंचांच्या टेबलावरची कागदपत्रं उडाली, टेबलामागचा पंच उठून उभा राहिला, आणि गाडी मैदानाची दोरी ओलांडून पलीकडच्या हरभऱ्याच्या कडेने लांबलचक वळण घेऊ लागली.

"झाली, झाली, झाली बारी!" गेणभाऊंनी खिशातला भंडारा उधळला. शेजारच्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट पिवळं झालं.

लाउडस्पीकरवरून वेळ सांगितली गेली. महिला गटात तोवरची सर्वांत कमी. आणि लगेच पुढचं वाक्य: गाडी चौकटीत थांबली नाही, फेरी बाद.

गेणभाऊ पंचांवर चालून गेले. "निशाणाला थांबती तिला यष्टी म्हन्त्यात, सायेब! आन् तीबी कवाकवा थांबती! गाडा कुटं थांबतो व्हय?" गोरखने त्यांना मागून कवळा घातला. पंच समजूतदार होता. त्याने चुन्याकडे बोट दाखवलं, मग तंबूकडे, आणि म्हणाला, "सूचना सगळ्यांना दिली होती. तुमच्यापैकी हे आजोबा हजर होते."

प्राची परत आली होती. तिने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले. तिने पंचाचं वाक्य ऐकलं होतं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"सांगायला आला होतात?"

गुरुजींनी मान हलवली. आयुष्यात नको तिथे सांगितलं आणि एकदाच हवं होतं तिथे गप्प राहिलो, असं काहीतरी त्यांच्या मनात येत होतं. पण ते वाक्य फार मोठं होतं आणि ते बोलायची ही जागा नव्हती. तिने हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं, मग त्यांच्या वहीकडे.

"किती मुद्दे आहेत त्यात?"

"चव्वेचाळीस."

प्राचीच्या तोंडून हसू फुटलं. आधी नाकातून, मग खुलं. "पंधरा दिवस गप्प राहून चव्वेचाळीस? बाबा, तुमचं पोट कसं फुगलं नाही?" मग ती गंभीर झाली. "दुसरी फेरी आहे. सांगा आता."

"सगळे?"

"सांगा."

पुढच्या गाडीला निशाण पडलं होतं. तिच्यानंतर एक, आणि मग प्राची. गुरुजींनी वही उघडली. पहिल्या पानावर तिसऱ्या वळणाची आकृती होती, मापांसकट. पाच वेळा पुसून काढलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

"निशाणापुढे चुन्याची चौकट आहे. तिच्यात थांब," ते म्हणाले. "बाकी तुला येतं."

प्राचीने मिटलेल्या वहीकडे पाहिलं. तिला आणखी काहीतरी अपेक्षित होतं, हे उघड होतं. पण गुरुजी मागे जाऊन दोरीपाशी उभे राहिले होते.

दुसरी फेरी पहिलीइतकी देखणी झाली नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. थांबायचं आहे हे एकदा डोक्यात शिरलं, की माणूस आधीपासूनच जपून चालतो. तिसऱ्या वळणाला उशीर झालाच, आणि एक कोन पडला. पण निशाणानंतर ब्रेक कर्कश ओरडले, धूळ उठली, आणि धूळ बसली तेव्हा लाल गाडी चुन्याच्या चौकटीत उभी होती. पंचाने वाकून चारही चाकं पाहिली आणि हिरवं निशाण वर केलं. सहा जणींत चौथी. गेणभाऊंनी उरलेला भंडारा उधळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पाच सेकंद वाढलं! आता सांगा, पाडला कोन?"

गुरुजी चालत चौकटीपाशी गेले. प्राची गाडीतून उतरली नव्हती. तिने वाकून आतल्या बाजूने दुसरं दार उघडलं.

"बसा."

गुरुजी बसले. गुडघे जवळजवळ हनुवटीला लागत होते. बाहेर पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारत होते, गोरख हातवारे करून गाडी बाजूला घ्यायला सांगत होता. प्राचीने इंजिन बंद केलं. तिच्या गालांवर धूळ होती.

"तिसऱ्या वळणाला मी काय चुकते?" तिने विचारलं.

गुरुजींच्या मांडीवर वही होती. उत्तर पहिल्याच पानावर होतं. त्यांनी वहीवर हात ठेवला, तसाच ठेवला, आणि लोकांच्या मुलांशी बोलायचा तो आवाज त्यांना आपोआप सापडला.

"तुला काय वाटतं?" ते म्हणाले. "सावकाश सांग. घाई नाही."